पदवीतलं एक सत्र बाहेरगावी

परदेशी संस्थांशी सामंजस्य करार किती झाले, हे महाविद्यालयांना विचारणं आता थांबवायला हवं. विचारायचंच तर एवढं विचारावं, की गेल्या वर्षी तुमचे किती विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत शिकून आले आणि तिथले किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेली एककं, त्यांच्या गुणपत्रकावर चढले. करारावर सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, पेपरात फोटो येतो, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात एक ओळ वाढते. तीन-पाच वर्षांनी मुदत संपली की कागद फाइलबंद. त्या मुदतीत एकही विद्यार्थी गेला नाही, तरी कुणी कुणाला जाब विचारत नाही.

आमची मागणी अशी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान चार आठवडे, आणि ज्याला झेपेल त्याला एक पूर्ण सत्र, आपल्या महाविद्यालयाबाहेर शिकता आलं पाहिजे आणि ते शिक्षण त्याच्या पदवीत धरलं गेलं पाहिजे. ती जागा जर्मनीत असेल, थायलंडमध्ये असेल किंवा ओडिशात असेल. शिवाय ही सोय टिकवायची असेल, तर बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही इथे येऊन शिकण्यासारखं काही आपण उभं केलं पाहिजे. हा दुसरा भाग बहुतेक चर्चांत येतच नाही, म्हणून पुढे त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

आधी एक गल्लत दूर करू. अख्खी पदवी परदेशात घेणं ही वेगळी वाट आहे. एम.एस.ला अमेरिका, एम.बी.बी.एस.ला रशिया किंवा जॉर्जिया, ही वाट आता सगळ्यांना माहीत आहे आणि ती दाखवणारे सल्लागारही गावोगाव बसले आहेत. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन किंवा घर आहे, तो त्या वाटेने जातोच. इथे विषय त्या मुलामुलींचा आहे, जे पदवी इथलीच घेणार आहेत, बहुधा इथेच किंवा पुण्या-मुंबईत नोकरी-धंदा करणार आहेत. त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांतलं एक सत्र दुसरीकडे घालवण्याची रीत आपल्याकडे नाही. युरोपात ही रीत १९८७ पासून इरॅस्मस या विद्यार्थी अदलाबदलीच्या योजनेमुळे रुळली. तिथे एखाद्या मध्यम शहरातल्या विद्यापीठाचा सामान्य विद्यार्थीही एक सत्र शेजारच्या देशात काढतो आणि परत येऊन आपलीच पदवी पुरी करतो.

आपल्या भागाला बाहेर जाण्याचं वावडं आहे असंही नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली गलाई करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायचं दुकान थाटायला जाताना त्यांना ना तिथली भाषा येत होती, ना हातात पदवी होती. त्यांच्या घरातला मुलगा आज विट्यात किंवा सांगलीत कॉलेजला जातो, तेव्हा त्याचं शिक्षण मात्र कॉलेजच्या फाटकाबाहेर पडत नाही. धंद्याने जे कधीच केलं, ते विद्यापीठाला का जमू नये?

नियमांचा अडसर आता फारसा उरलेला नाही. विद्यार्थ्यांचे क्रेडिट खात्यासारखे जमा ठेवणाऱ्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम २०२१ मध्ये आले. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के क्रेडिट मिळवले, की उरलेले दुसऱ्या मान्य संस्थांतून आणता येतात. परदेशी संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये वेगळे नियम केले. त्यात जुळ्या अभ्यासक्रमात, म्हणजे ट्विनिंगमध्ये, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात घेता येतात. मात्र भारतीय संस्थेचा नॅकचा गुणांक किमान ३.०१ हवा, किंवा ती एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात किंवा श्रेष्ठता दर्जाची संस्था हवी. परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्स या जागतिक क्रमवारीच्या यादीत पहिल्या हजारात हवी. चार वर्षांची पदवी किमान १६० क्रेडिटची धरली तर ३० टक्के म्हणजे ४८. एका सत्राचे २० ते २२ क्रेडिट त्यात आरामात बसतात.

मग अडतं कुठे? परीक्षा विभागात अडतं, आणि ते समजून घ्यायला एखादं गुणपत्रक हातात धरून बघावं. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचं घ्या. विषयाच्या रकान्यात डीएससी, एसईसी, व्हीईसी, ओई अशी अक्षरं. त्यांच्यापुढे आकडा. विषयाचं नाव रकान्यात मावलं नाही म्हणून मधेच तुटलेलं. क्रेडिट लिहिलेत, पण एका क्रेडिटचे तास किती ते कुठेच नाही. उत्तीर्ण व्हायला किमान किती श्रेणीगुण लागतात ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात, नाहीतर तेही नाही. हा कागद परदेशातल्या समन्वयकाच्या टेबलावर गेला, की त्याला या मुलीने नेमकं काय शिकलंय याचा पत्ता लागत नाही. तो अर्ज बाजूला ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही.

श्रेणीचं रूपांतर हा तर निव्वळ हिशेबाचा भाग, पण त्यातच मुलांचं नुकसान होतं. जर्मन विद्यापीठं एक सूत्र वापरतात. कमाल श्रेणीतून मिळालेली श्रेणी वजा करायची, तिला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणीतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. आपल्या दहापैकी ८ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी, असलेल्या विद्यार्थ्याची किमान उत्तीर्ण श्रेणी ४ धरली तर उत्तर येतं २.०. तीच किमान श्रेणी ५ धरली तर येतं २.२. ज्या अभ्यासक्रमाची अट २.० आहे, तिथे पहिला मुलगा आत आणि दुसरा बाहेर. दोघांचे गुण मात्र तेच! फरक पडला तो गुणपत्रकावर एक ओळ छापली नाही म्हणून.

क्रेडिटचं मापही असंच. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. सत्राचे २० क्रेडिट म्हणजे ६०० तास. युरोपातलं एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं, पण तिथे सत्राला ३० क्रेडिट असतात. एकूण सत्राला सत्र धरायचं, तर आपला १ म्हणजे तिथले दीड. हे आधी ठरवलं नाही तर काय होतं? मुलगी तिथे २० क्रेडिटचे विषय घेते, वीसला वीस झाले म्हणून निश्चिंत राहते, आणि परत आल्यावर परीक्षा विभाग म्हणतो की यातले तेरा-चौदाच धरता येतील. उरलेल्या सहा-सात क्रेडिटसाठी तिला खालच्या वर्गाबरोबर पेपर द्यावे लागतात. गावातल्या लोकांना एवढंच दिसतं, की पोरगी परदेशात जाऊन आली आणि हिला विषय राहिले. पुढच्या वर्षी कुणी अर्ज करत नाही.

विषयाला विषय जुळवण्याचा हट्ट हे यातलं सर्वांत मोठं दुखणं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. अभ्यास मंडळं दोन्हीकडचा अभ्यासक्रम समोर ठेवून घटकाला घटक मिळतो का ते तपासत बसतात. तो मिळणार नाहीच. मिळाला असता तर बाहेर जायची गरजच काय होती? मुख्य विषयाचे एक-दोन पेपर जुळले पाहिजेत, हे मान्य. बाकीचे क्रेडिट मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय), कौशल्य अभ्यासक्रम यांच्या टोपलीत सरळ टाकावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत या टोपल्या आहेतच. आणि तिथून आलेली श्रेणी आपल्या सीजीपीएत मिसळू नये. 'उत्तीर्ण, बाहेरील संस्थेतून' एवढीच नोंद करावी. मूळ श्रेणी ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावर, स्वतंत्र छापावी. म्हणजे रँक जाईल या भीतीने हुशार मुलं मागे राहणार नाहीत, आणि सोप्या संस्थेतून गुण उचलून आणण्याची पळवाटही बंद होईल.

यासाठी जे कागदी काम लागतं ते फार नाही. प्रत्येक पेपरचं एका पानाचं इंग्रजी वर्णन हवं: पूर्ण नाव, क्रेडिट, तास, पातळी, आठ-दहा ओळींत आशय, मूल्यमापनाची पद्धत. एका विभागाचे चाळीस पेपर म्हणजे चाळीस पानं. चार शिक्षकांनी मनावर घेतलं तर एका आठवड्याचं काम. विद्यार्थी जाण्यापूर्वी शिक्षण कराराचा कागद व्हायला हवा. त्यावर विद्यार्थी, यजमान संस्था आणि आपली संस्था अशा तीन सह्या. आपल्या बाजूने एकट्या प्राचार्यांची सही पुरत नाही, कारण गुणपत्रक प्राचार्य छापत नाहीत. परीक्षा विभागाची लेखी संमती त्याच कागदावर असावी. तिथे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला किंवा तास एकमेकांवर आले, तर पहिल्या काही आठवड्यांतच बदल कळवून नवी सही घ्यावी. हे राहून जातं आणि मग परत आल्यावर खेटे सुरू होतात.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. बाहेर असतानाही इथली फी आणि परीक्षा अर्ज भरलेला असला पाहिजे, नाहीतर नोंदणीत खंड दिसतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला उपस्थिती लागते. हजेरीपटावर ती मुलगी गैरहजर दिसली तर तिची इथली शिष्यवृत्तीच थांबायची. 'परवानगीने बाहेरील सत्र' असा शेरा हजेरीत असावा, ही सोय विद्यापीठाला एका परिपत्रकाने करता येईल.

वेळापत्रकाचं गणित वेगळंच आहे. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि तास फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं पहिलं सत्र जुलैत सुरू होऊन नोव्हेंबरात परीक्षा. म्हणजे जर्मनीला गेलेल्याची इथली दोन्ही सत्रं अर्धी-अर्धी बुडतात. उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं, तेव्हा आपल्याकडे परीक्षा तोंडावर. तरीही करारांसाठी पहिली धाव जर्मनीकडेच. थायलंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांचं सत्र ऑगस्ट ते डिसेंबर, अमेरिकेचंही तसंच. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर ते जानेवारी. ही आपल्या पहिल्या सत्राशी बऱ्यापैकी बसतात. दुसऱ्या सत्राचे फार तर पहिले काही आठवडे जातील. करार करताना नकाशाआधी कॅलेंडर उघडावं.

आता पैशाचं. विद्यार्थी अदलाबदलीच्या करारात सहसा तिथली शिकवणी फी माफ असते, कारण तो इथली फी भरत असतो. राहण्या-खाण्याचा खर्च त्याचा. जर्मनी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो खात्यात दाखवायला सांगते. पाच महिन्यांचे ४,९६० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पाच लाख. विमानाचं जाऊन-येऊन भाडं, व्हिसाचे ७५ युरो, सत्र शुल्क, थंडीचे कपडे मिळवले की सहा-साडेसहा लाख. थायलंडमध्ये साधं राहिलं तर तेवढ्याच मुदतीचं दोन-सव्वादोन लाखांत भागू शकतं. हे अंदाज आहेत, पण घरात बसून चर्चा करायला पुरेसे आहेत.

शिष्यवृत्त्या नाहीत असं नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज १२५ जणांना. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची आहे. पण या सगळ्या पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी किंवा पीएचडीसाठी आहेत. बी.ए., बी.एस्सी.च्या मुलाला एका सत्रासाठी यातला एक रुपयाही मिळत नाही. इरॅस्मस मुंडुसची जॉइंट मास्टर्स शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते, कमाल २४ महिने. तिला अर्ज थेट त्या अभ्यासक्रम चालवणाऱ्या गटाकडे करायचा असतो, मधे कोणी दलाल लागत नाही. पण तीही पदवीनंतरची. आपल्याकडच्या मदतीत पोकळी आहे ती नेमकी पदवीच्या पातळीवर आणि नेमकी थोड्या मुदतीसाठी.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, ती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती दरमहा होती आणि जगण्याच्या खर्चाची होती, हे आजच्या योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आज अनेक ठिकाणी 'प्रवासखर्चाला मदत' म्हणून एकरकमी काही हजार रुपये दिले जातात. तिकिटाचे पैसे गोळा करता येतात. महिन्याचं भाडं आणि जेवण हीच खरी अडचण असते. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत वाढलेल्या मुलांना त्याचं वावगंही वाटणार नाही. पण त्या कमाईच्या भरवशावर पाठवणं चुकीचं, कारण खात्यातले पैसे जाण्याआधी दाखवायचे असतात आणि पहिल्या सत्रात काम मिळेलच असं नसतं.

म्हणून पैसे मर्यादित असतील तर ते कुठे लावायचे, याबद्दल आमचा कौल स्वच्छ आहे: आधी देशातलं बाहेरचं शिक्षण. एका विद्यार्थ्याच्या जर्मन सत्राच्या साडेसहा लाखांत, माणशी पंचवीस हजार धरले, तर सव्वीस विद्यार्थी देशातल्या चांगल्या संस्थेत दोन महिने राहून येतात. बंगळुरूची इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल अॅकॅडमी या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा उपक्रम आहे. यांचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी भरावे लागतात. आपल्याकडे सूचना फलकावर कागद लागतो तो बहुधा मुदत संपता संपता. शिफारसपत्र मागायला मुलगा येतो तेव्हा सर परीक्षेच्या ड्युटीवर असतात.

कला-वाणिज्य शाखांसाठीही जागा आहे. नव्या रचनेत ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग असे क्रेडिट सक्तीचे आहेत. चार क्रेडिटचं ओजेटी म्हणजे १२० तास, आठवड्याला तीस तास धरले तर बरोबर चार आठवडे. सध्या काय चालतं? गावातल्या ओळखीच्या दुकानाचं किंवा पतसंस्थेचं प्रमाणपत्र येतं आणि क्रेडिट मिळतात. हेच १२० तास ओडिशात घालवले तर? 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ येण्यापूर्वी त्या राज्याने बारा लाखांवर माणसं सुरक्षित जागी हलवली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. निवारा केंद्रं कशी उभारतात, गावपातळीवर यादी कोण ठेवतं, जनावरांचं काय करतात, म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसतील तर कोण समजावतं, हे सांगलीच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिथे चार आठवडे राहून शिकणं याहून 'जागतिक' शिक्षण आम्हाला तरी सुचत नाही. हवामानबदलाचा प्रश्न तिथेही तोच आहे आणि इथेही.

आता तो राहिलेला भाग. अदलाबदल म्हणजे दोन्ही बाजूंनी. दोन गेले तर दोन आले पाहिजेत, या हिशेबावरच फी माफ होते. आपण नुसते पाठवत राहिलो आणि इथे कुणी आलंच नाही, तर दोन-तीन वर्षांत ती संस्था जागा कमी करते किंवा फी मागते. करार मरतात ते बहुतेक असेच. तेव्हा प्रश्न असा, की दूरच्या विद्यार्थ्याने साताऱ्याला किंवा सांगलीला का यावं?

यावं असं पुष्कळ आहे, ते अभ्यासक्रम म्हणून कुणी मांडलेलं नाही इतकंच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगात सर्वांत मोठा मानला जातो. त्याच्या अभ्यासासाठी या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी संशोधन केंद्र आहे. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथला फुलांचा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि नेमकी त्याच वेळी जर्मन विद्यापीठांना सुट्टी असते. वर ज्या वेळापत्रकाने आपली अडचण केली, तेच इथे उपयोगी पडतं! म्हसवडला १९९७ पासून चालणारी माणदेशी महिला सहकारी बँक आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत, म्हणजे नादासाठी घोडी घासण्यापर्यंत, सगळं एका गल्लीत बघायला मिळतं. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं? आणि एकाच जिल्ह्यात कृष्णेचा महापूर आणि जतचे टँकर, आणि त्यांच्यामध्ये पाणी चढवत नेणारी म्हैसाळ योजना, हा पाण्याचा असा धडा आहे की त्यावर चार आठवड्यांचा वर्ग सहज उभा राहील.

पण वर्ग उभा करायचा म्हणजे स्थळदर्शन नव्हे. १२० तासांचा लेखी आराखडा, इंग्रजीत शिकवू शकणारे दोन-तीन शिक्षक, निम्मा वेळ प्रत्यक्ष कामावर, आणि शेवटी त्या विद्यार्थ्याच्या संस्थेला पटेल असं मूल्यमापन. सोबत आपलेही तेवढेच विद्यार्थी त्याच वर्गात बसवायचे, म्हणजे जे जाऊ शकत नाहीत त्यांनाही परक्या मुलांबरोबर काम करता येतं. राहण्याची सोय हा कच्चा दुवा आहे. स्वच्छ संडास, चोवीस तास पाणी, दाराला आतून कडी आणि मुलींसाठी वेगळा मजला एवढं असलं तरी पुरतं. महागडं गेस्ट हाऊस लागत नाही. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करून कळवावं लागतं. हे वसतिगृहाच्या रेक्टरना माहीत नसतं आणि दुसऱ्याच दिवशी पोलिस ठाण्यातून फोन येतो. कोणता व्हिसा लागेल हे निमंत्रण पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावं. पोटाच्या तक्रारी होतातच, तेव्हा जवळचा दवाखाना आणि विम्याचे कागद पहिल्या दिवशीच जागेवर असावेत.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी दोन वर्ग ऑनलाइन जोडून सुरुवात करावी. सहा आठवडे, दोन शिक्षक, एक सामाईक प्रकल्प. तासगावच्या बेदाण्यावर वाणिज्य शाखेचा वर्ग आणि द्राक्षं पिकवणाऱ्या दुसऱ्या देशातला वर्ग मिळून किंमत साखळीचा अभ्यास करू शकतात. खर्च जवळजवळ शून्य. भारत आणि जर्मनीत साडेतीन ते साडेचार तासांचा फरक आहे, म्हणजे आपले दुपारचे तास जुळतात. बिघडतं ते एकाच कारणाने: मुलांना पहिल्या दिवशी थेट प्रकल्पाला जुंपतात. पहिला आठवडा नुसता ओळखीला द्यावा लागतो, नाहीतर आपली मुलं कॅमेरा बंद करून गप्प बसतात.

या मागणीवर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पोटापुरतंही कमवत नाहीत, प्रयोगशाळेत रसायनं नाहीत, आणि तुम्ही बाहेर पाठवायच्या गप्पा मारता? जागा भरल्याच पाहिजेत, यात दुमत नाही. पण एखाद्या विभागात शिकवायला माणूस नसेल, तर तिथल्या विद्यार्थ्याने एक सत्र चांगल्या विभागात काढणं ही त्याची गरज आहे, चैन नाही. मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजच्या मुलापेक्षा माण-खटावच्या मुलाला याची निकड जास्त. दुसरा आक्षेप, मुलं परत येणार नाहीत. एका सत्राला गेलेल्याची पदवीच इथे अडकलेली असते, तो येतोच.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. घरातून परवानगी मिळत नाही हे खरं, पण 'परवानगी नाही' म्हणून फाइल बंद करण्याआधी कॉलेजने काय केलं ते बघावं. एकट्या मुलीला पाठवण्यापेक्षा दोघी-तिघींना एकत्र पाठवणं, आई-वडिलांना वसतिगृहाचे फोटो आणि तिथल्या जबाबदार बाईंचा फोन नंबर देणं, पहिली फेरी देशातल्या चार आठवड्यांची ठेवणं, याने बरीच दारं उघडतात. पालकसभा सोमवारी सकाळी अकराला ठेवली तर आई येत नाही. ती शेतात असते किंवा रोजगारावर. रविवारी संध्याकाळी ठेवावी.

शेवटी कागदपत्रं, कारण निवड झालेली मुलंसुद्धा इथे गळतात. दहावीच्या गुणपत्रकावर नाव असतं आडनावापासून, एका ओळीत. आईचं नाव वेगळं. पासपोर्टच्या अर्जात दोनच चौकटी: आडनाव, आणि दिलेलं नाव. घाईत सगळं एकाच चौकटीत टाकलं तर दुसरी रिकामी राहते आणि व्हिसावर विचित्र नाव येतं. आधारवर एक स्पेलिंग, दहावीला दुसरं, विद्यापीठाच्या नोंदणीत तिसरं, असंही सर्रास असतं. दहावीच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. म्हणून अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघावं आणि पासपोर्ट काढावा. साध्या अर्जाची फी १,५०० रुपये, मुदत दहा वर्षं.

ऑगस्टला जायचं तर मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या संस्थेने नावं कळवावी लागतात. जून-जुलै व्हिसात जातो. म्हणजे निवड फेब्रुवारीत, विषयांची जुळवणी जानेवारीत, आणि पासपोर्ट त्याआधीच्या डिसेंबरात हातात. हे सगळं सांभाळायला एक समन्वयक लागतो. सध्या हे काम ज्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं, त्याचे आठवड्याचे सोळा तास तसेच राहतात, वर एनएसएस आणि परीक्षेचं काम. त्याचे चार तास कमी करून तसं लेखी आदेशात लिहावं. मग वर्षअखेरीला त्याच्याकडे दोनच आकडे मागावेत: किती गेले, किती आले.